दगडातली सवाष्ण

आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली बाई काखेत छत्री मारून नोकरीला निघालीय, हे मी बसवनगुडीत सून म्हणून आले त्याच आठवड्यात पाहिलं. छप्पन्न सालची गोष्ट. सासूबाईंना विचारलं, "अगं बाई, ह्या कुठल्या शाळेत शिकवतात?" सासूबाई म्हणाल्या, "शिकवत नाही. दगड राखते." एवढं बोलून त्या डाळ निवडायला लागल्या. आमच्या सासूबाईंचं सगळं असंच असायचं. अर्धं सांगायचं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी माणसाला झुरत ठेवायचं.

ती वसुमतीअक्का. शेजारच्या विश्वेश्वररावांची थोरली बहीण. आमची आणि त्यांची मागच्या अंगणाची भिंत एकच, आणि ती भिंतही कमरेएवढी, त्यामुळे उरलेलं अर्धं मी अक्काच्याच तोंडून काढून घेतलं. मला गप्प बसता येत नाही, हा माझा दोष म्हणा की गुण म्हणा. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, बाराव्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला. त्याचं तोंडसुद्धा तिला धड आठवत नव्हतं. "कानात भिकबाळी होती, आणि माझ्या वाटणीचा गूळ खायचा," एवढीच तिच्या संसाराची आठवण. मग माहेर, वडिलांचं घर, आणि वडील गेल्यावर तेच घर भावाचं.

सुरुवातीला मी तिला अहोजाहो करायची. एके दिवशी ती म्हणाली, "पद्मा, मला अगं म्हण. आई गेल्यापासून अगं म्हणणारं कुणी राहिलं नाही." मी म्हटलं, "बरं अगं," आणि ती खुदकन हसली.

त्या घरात तिला कुणी छळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. छळलं असतं तर एका परीनं बरं, भांडायला तरी माणूस मिळालं असतं. कुणी कामाला निघालं की तिनं दारातून आत व्हायचं. घरात हळदीकुंकू असलं की मागच्या खोलीत जाऊन बसायचं. कुणाचं बारसं, कुणाची मंगळागौर, कुणाची मुलगी सासरी निघालेली, प्रत्येक वेळी ती मागची खोली. कुणी 'जा' म्हणायचंही नाही, नुसतं बघायचं, आणि हिला कळायचं. त्या खोलीला एकच खिडकी, तीही आमच्या न्हाणीघराच्या भिंतीकडे.

नोकरी कशी लागली तेही सांगते. कंटोनमेंटात एका कॉफीमळेवाल्या साहेबानं देशोदेशीच्या वस्तू जमवल्या होत्या. जाताना बंगल्यासकट सगळं एका ट्रस्टला देऊन गेला, आणि त्यांनी तिथे म्युझियम उघडलं. शुक्रवार बायकांचा वार. त्या दिवशी पुरुषानं फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, मग राखणीलाही बाईच हवी. तिथले सुपरिंटेंडेंट प्राणेशराव हे विश्वेश्वररावांचे शाळूसोबती. त्यांनी शब्द टाकला. विश्वेश्वरराव आधी "छे छे, लोक तोंडात शेण घालतील" म्हणून उखडले. पण त्यांची बायको, अनुसूयावहिनी, म्हणाली, "जाऊ द्या की. त्यांनाही स्वल्प वारा लागेल." वहिनींच्या मनात अक्काला वारा लागणं होतं, की रोज नजरेसमोरून टळणं होतं, ते देव जाणे. असल्या बाबतीत मी उगाच चांगलं धरून चालत नाही.

शुक्रवारसाठी ठेवलेली बाई हळूहळू सगळ्या आठवड्याची झाली. सगळ्यात आतल्या दालनात तिची वेताची खुर्ची. आणि खुर्चीच्या बरोबर समोर, भिंतीत बसवलेला, तो इजिप्तचा दगड.

त्या दगडाबद्दल मी इतकं ऐकलं की शेवटी एका शुक्रवारी सासूबाईंना देवळाचं सांगून बघायलाच गेले. दीड-दोन हात उंचीचा, पांढुरका, चुनखडीचा दगड. प्राणेशराव म्हणायचे तीन-चार हजार वर्षांचा तरी असेल, कुणा अधिकाऱ्याच्या थडग्यातला. त्यावर नवराबायको कोरलेली. एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलीत. समोर चौरंगासारखं काहीतरी, त्यावर उभ्या लावलेल्या भाकरी, एक बदक, कमळाच्या कळ्या. बाईनं एक हात नवऱ्याच्या पाठीमागून नेऊन त्याच्या खांद्यावर ठेवलाय, मनगटात काकणं भरलेली. वर चिमण्या, डोळे, नागमोडी रेषा अशी त्यांची अक्षरं. रंग बहुतेक उडालेला, तरी पुरुषाच्या अंगावर तांबूस आणि बाईच्या गालावर, हातावर पिवळसर झाक राहिलेली. पुरुष तांबडा नि बाई पिवळी रंगवायची, अशी त्या लोकांची रीतच होती म्हणे.

"बघ गं," अक्का म्हणाली, "जेवायला नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलीय. वाढायची घाई नाही, मागाहून उरलंसुरलं खायचं नाही. इतकी वर्षं झाली, अजून तिला कुणी उठ म्हटलं नाही."

मी म्हटलं, "आणि तुला?"

"मलाही इथे कुणी आत जा म्हणत नाही," ती म्हणाली. "येणारा माणूस मलाच विचारतो, बाई, हे काय आहे? मला, पद्मा! घरात मला भाताला मीठ घातलंय का एवढंच विचारतात."

ती तिला 'आमची बाई' म्हणायची. आज आमच्या बाईवर ऊन छान पडलं होतं. आज एक मद्रासी म्हातारा आमच्या बाईकडे तासभर बघत बसला. दुपारी दालन रिकामं असलं की ती तिच्याशी चक्क बोलायची, घरात काय शिजलं, कोण काय बोललं, सगळं. हे मला तिनंच सांगितलं, आणि सांगताना इकडेतिकडे बघून घेतलं. मी हसले नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात दगडाशिवाय कुणाशी मन मोकळं केलं नाही, तिला हसणारी मी कोण टिकोजीराव?

सगळं सुरळीत चाललं होतं आणि एका श्रावणातल्या शुक्रवारी चंद्राबाई तिथे आली. चंद्राबाई मूळची बेळगावकडची, चामराजपेटेत फुलं विकायची. तोंडानं फटकळ, मनानं भाविक, आणि मागे सदैव दहा-बारा बायकांचा लवाजमा. ती दगडासमोर उभी राहिली आणि छातीवर हात मारून म्हणाली, "अगं बया, ही तर मास्ती!"

मास्ती म्हणजे महासती. नवऱ्यामागे सती गेलेल्या बाईच्या नावानं उभा केलेला दगड आमच्या ह्या मुलखात गावोगावी, वेशीवर, तळ्याकाठी असतो. त्यावर नवराबायकोची जोडी असते आणि काकणं भरलेला बाईचा हात ठळक कोरलेला असतो. सवाष्णी त्याला हळदकुंकू वाहतात, नवऱ्याचं आयुष्य मागतात. आता ह्या दगडात जोडी होती, काकणं भरलेला हात होता, आणि वर तो पिवळा गाल! चंद्राबाई बाकीच्यांना दाखवायला लागली, "हळद बघा की, जुन्या पूजेची. कुणी तरी पूजत हुतं, आन् ह्यांनी आणून भिंतीत चिणली माउलीला!"

पुढच्या शुक्रवारी त्या हळद, कुंकू आणि हिरवी काकणं घेऊनच आल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेलाची वाटी. कुणाचा नवरा खोकत होता, कुणाच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं, कुणाचा मिलिटरीत होता. अक्का आपली "अहो हात लावू नका, हा इजिप्तचा आहे" म्हणून घसा कोरडा करायची. इजिप्त काय नि जालहळ्ळी काय, त्यांना दोन्ही सारखंच. पालथ्या घड्यावर पाणी. एकीला अडवावं तर दुसरी मागून बोट लावून मोकळी.

प्राणेशरावांनी एका शनिवारी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. चुनखडीत हळद मुरते, तेल तर आतच जातं. कुंकवाचं बोट जिथे फिरलं होतं तिथे बाईच्या गालावरचा तो जुना रंग निघून आला होता. हजारो वर्षं टिकलेला रंग आमच्या बायकांनी दोन महिन्यांत पुसला, काय बोलायचं! ट्रस्टच्या मंडळींनी ठरवलं की हे येत्या महिन्यात थांबलं नाही तर दगड खोक्यात घालून गोदामात टाकायचा आणि बायकांचा शुक्रवार बंद करायचा. शुक्रवार नाही म्हटल्यावर बाई राखणदार तरी कशाला?

संध्याकाळी अक्का भिंतीपाशी आली ती चेहरा उतरलेला. "तिला अंधारात टाकणार गं," म्हणाली. आणि मग स्वतःलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मला परत त्या मागच्या खोलीत नाही बसायचं, पद्मा. मरेन तिथे मी." मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी मी तिच्यासोबत गेले. म्हटलं, दोघी मिळून अडवू. मला वाटलं होतं माझ्या तोंडापुढे चंद्राबाई टिकणार नाही. कसलं काय! ती वीसेक बायका घेऊन आली, पुढे नारळ, मागे एक नवी नवरी, हातात चुडा, गळ्यात पिवळंधमक मंगळसूत्र. अक्का दगडापुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरलेले.

"अक्का, सरा बाजूला," चंद्राबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, ते जास्त लागलं. "मास्तीम्होरं तुमच्यासारखीनं उभं ऱ्हाऊ नये. ती नवऱ्यासंगं गेली. तुम्ही ऱ्हायलात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले, खरं सांगते, त्या नारळानंच तिचं टाळकं फोडलं असतं. पण अक्कानं मला हातानं मागे सारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती चंद्राबाईकडे बघत राहिली, मग मागे वळून दगडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "सती कुठली गं! ही पण माझ्यासारखीच. नवरा मेला, त्याच्यामागे हिनं हा दगड करवून घेतला. प्राणेशरावसाहेबांच्या पुस्तकात आहे. विधवा आहे ती."

कुंकवाचा करंडा उघडणारा एकीचा हात होता तिथेच थांबला.

"काय म्हंता?" चंद्राबाई म्हणाली.

"विधवा आहे. हवं तर उद्या येऊन साहेबांना विचारा."

कुणी विचारायला गेलं नाही. करंड्यांची झाकणं लागली. नारळ पिशवीत परत गेले. एका बाईनं हळदीची बोटं पदराला पुसली, मग पदरच झटकला. नव्या नवरीच्या सासूनं तिच्या डोळ्यांवर हात धरला आणि तिला तशीच दाराकडे वळवली. चंद्राबाई सगळ्यांत शेवटी निघाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फसवल्यासारखी दिसत होती बिचारी, आणि तिचा नवराही तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, हे मला मागाहून कळलं. चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दालन रिकामं झालं.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. "शाब्बास गं अक्का! काय थाप मारलीस! एका वाक्यात सगळ्या गारद!"

अक्का दगडाकडे वळली. दगडावर सकाळीच कुणीतरी लावलेलं एक ताजं कुंकू होतं. प्राणेशरावांनी तिला शिकवलं होतं, ओलसर कापूस घेऊन अगदी हलक्या हातानं टिपायचं. तिनं कापूस घेतला आणि बाईच्या कपाळावरचं ते कुंकू टिपायला लागली. मी म्हटलं, "दे इकडे, मी पुसते." ती म्हणाली, "नको. सवाष्णीनं हे काम करू नये. माझं थोरल्या आत्यानं पुसलं होतं. ती पण अशीच होती." पुसून झाल्यावर तिनं कापूस मुठीत धरला आणि खाली बसली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," म्हणाली. "दुसरं कुणी केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी केलं."

मी तिची समजूत काढली. दगडाला कसलं आलंय वैधव्य, दगड वाचला, खुर्ची वाचली, आता रडतेस कशाला, असलं बरंच काही बोलले. माझं ते बोलणं आज आठवलं की मलाच माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

शुक्रवार ओस पडले. चामराजपेटेतल्या बायका म्युझियमला यायच्या त्या बाहेरच्या दालनातली भुसा भरलेली मगर बघून परत फिरायच्या. आतल्या दालनाच्या दारात कुणी एखादी थबकलीच तर दुसरी तिला ओढायची, "नगं गं, तिथं ती बाई हाय." कोणती बाई, खुर्चीतली की भिंतीतली, तेही कळायचं नाही. ट्रस्टची मंडळी खूश झाली. दगड जागच्या जागी राहिला, अक्काही जागच्या जागी राहिली.

पण अक्का बदलली. भिंतीपाशी यायची, कढीपत्ता मागायची, जायची. आमच्या बाईवर ऊन पडलं का, हे मी विचारलं तर म्हणायची, "पडलं असेल." एकदा मी काही कामानं तिकडे गेले तर तिनं खुर्ची फिरवून खिडकीकडे केलेली. पाठ दगडाकडे. मनात म्हटलं, हवं ते मिळालं तरी हिचं तोंड वाकडंच. अनुसूयावहिनींनाही वाटायचं की वयानं होतं असं. आम्हा शहाण्यांना एवढंच सुचलं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, अष्टमीच्या संध्याकाळी ती भिंतीपाशी आली. म्हणाली, "पद्मा, उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला ये. सवाष्ण म्हणून."

उद्या अविधवा नवमी. घरातली जी बाई नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन गेली, तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. मी आश्चर्यानं बघतच राहिले. त्यांच्या घरात अहेवपणी गेलेलं कुणीच नव्हतं. त्यांची आईसुद्धा वडिलांच्या मागे दोन वर्षांनी गेलेली. नवमीचा पाट त्या घरात कधी मांडलेला मी पाहिला नव्हता.

"कुणासाठी गं?"

"आहे एक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेले तर घरात धुसफूस. विश्वेश्वररावांनी तिला सकाळपासून हेच विचारलं होतं, आणि तिनंही सकाळपासून एवढंच उत्तर दिलं होतं, आहे एक. जन्मात काही न मागणाऱ्या बहिणीनं एक पाट मागितला, तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ते वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले. अनुसूयावहिनी मात्र "नाव ना गाव, असल्या बाईचं मी करणार नाही" म्हणून राघवेंद्रस्वामींच्या मठात निघून गेलेल्या. स्वयंपाक अक्कानं एकटीनं केला होता. डाळवड्यांसारखे आंबोडे, कोशिंबीर, खीर, आणि हयग्रीव, म्हणजे डाळ नि गुळाचं आमच्या लोकांचं पक्वान्न. माझ्या पाटासमोर रांगोळी होती. बाजूला नवा खण, नारळ, काकणं, सगळं ठेवलेलं. पण माझी ओटी भरायला घरात सवाष्ण नव्हती, आणि अक्का कुंकवाला हात लावणार नव्हती. तिनं काठीच्या टोकानं करंडा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "तूच लाव तुझ्या हातानं. खण पण तूच घे."

मी लावलं. मग म्हटलं, "आता नाव सांग. नावाशिवाय घास कसा घेऊ?"

"हेनुत," ती म्हणाली.

"हे कुठलं नाव?"

"दगडातल्या बाईचं." ती चुलीकडे तोंड करून बसली होती. "त्या शुक्रवारनंतर मी प्राणेशरावांना सांगितलं, मी बायकांना असं असं म्हटलं म्हणून. ते हसायलाच लागले. म्हणाले, वसुमतीबाई, उलटंच सांगितलंत की तुम्ही. वरच्या ओळींत स्वच्छ आहे, बायको आधी गेली आणि नवऱ्यानं तिच्यासाठी हा दगड करवला. पण राहू द्या, म्हणाले, तुमच्या थापेनं काम झालंय, खरं कुणाला सांगू नका."

माझा हात ताटातच राहिला. ज्या मरणासाठी आमच्या बायका जन्मभर उपासतापास करतात ते मरण तिला आलं होतं. आणि खरं काय ते बाहेर सांगावं तर त्याच बायका दुप्पट तेल-हळद घेऊन परत येणार, दगड गोदामात जाणार आणि अक्का मागच्या खोलीत. म्हणजे तोंड शिवूनच बसायचं.

"अहेवपणी गेली गं ती," अक्का म्हणाली. "आणि मी तिचं कुंकू पुसलं. माझ्या हातानं. आता रोज तिच्यासमोर बसायचं. पूर्वी सगळं तिला सांगायची. आता तोंड उघडत नाही माझं. काय म्हणून बोलू तिच्याशी?"

मी हेनुतचं नाव घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला.

"तू पोटभर जेव," ती म्हणाली आणि हयग्रीवाचं पातेलं घेऊन उठली. "तुझ्या तोंडून तिला पोचलं तर पोचलं."

मला गोड मुळीच आवडत नाही. पण ती वाढत गेली आणि मी खात गेले, पातेलं रिकामं होईपर्यंत.